आरएफसीच्या लेखकाने आपला पत्ता चालू कसा ठेवावा

इंटरनेट ज्या तांत्रिक नियमांवर चालते ते नियम आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत लिहिलेले असतात आणि त्यांतील बहुतेक आयईटीएफ या संस्थेच्या कार्यगटांत तयार होतात. अशा दस्तऐवजाच्या अगदी शेवटी लेखकांचे पत्ते छापलेले असतात. वाचक तिथपर्यंत जातो तो अडल्यावरच. एखाद्या वाक्याचे दोन अर्थ निघतात, दोन कंपन्यांनी ते दोन तऱ्हांनी अमलात आणलेले असते, त्यामुळे दोन्ही यंत्रांचे आपसात जमत नाही आणि लिहिणाऱ्याला नेमके काय अभिप्रेत होते हे त्यालाच विचारावे लागते. असा प्रसंग दस्तऐवज निघाल्यावर सहा महिन्यांत येऊ शकतो, तसा वीस वर्षांनीही येऊ शकतो. आयपीचे मूळ मानक, म्हणजे आरएफसी ७९१, सप्टेंबर १९८१ मधले आहे आणि ते आजही वाचले जाते.

पत्ता भरताना आपण इतक्या लांबचा विचार करत नाही. मसुदा सादर करण्याची मुदत जवळ आलेली असते, सहलेखकाच्या फाइलमधला साचा उचलून त्यात आपले नाव आणि ऑफिसचा ईमेल टाकला जातो, आणि पुढे तोच कायमचा छापून येतो. पुण्या-बंगळुरूच्या संगणक क्षेत्रात नोकरी बदलणे नित्याचे आहे आणि एम.टेक.च्या विद्यार्थ्याचा संस्थेतला ईमेल पदवीनंतर फार काळ टिकत नाही, हे ठाऊक असूनही आपण असे करतो.

काही वर्षांपूर्वी मी एका जुन्या दस्तऐवजातील एका वाक्याबद्दल विचारण्यासाठी तिन्ही लेखकांना ईमेलने पत्र पाठवले होते. दोन पत्रे मिनिटभरात परत आली आणि दोन्हींवर ५५० हा आकडा व असा वापरकर्ता येथे नाही, या अर्थाचे वाक्य होते. तिसरे पत्र परत आले नाही, पण त्याचे उत्तरही आले नाही. मी दोन महिने वाट पाहिली, पुन्हा एक नम्र स्मरणपत्र पाठवले, आणि मग एका परिचिताकडून कळले की तिसऱ्या लेखकाने ती कंपनी केव्हाच सोडली होती आणि त्याची ईमेलची पेटी बंद न करता तशीच ठेवलेली होती. परत आलेल्या दोन पत्रांनी मला निदान दुसरा मार्ग शोधायला लावले. जी पेटी पत्र निमूटपणे घेते आणि कोणीच उघडत नाही तिने माझा वेळ खाल्ला. म्हणून पुढच्या सगळ्या सूचना देताना माझ्या मनात आधी तीच पेटी आहे.

पहिली गोष्ट पक्की समजून घ्यावी, ती ही की प्रसिद्ध झालेल्या आरएफसीतला पत्ता नंतर बदलून मिळत नाही. एप्रिल १९६९ मधल्या आरएफसी १ पासून चालत आलेली ही मालिका ज्या विश्वासावर उभी आहे तो विश्वास असा की एकदा क्रमांक मिळाला की मजकूर स्थिर राहतो आणि दुरुस्ती करायची तर नव्या क्रमांकाचा नवा दस्तऐवज निघतो. दोष नोंदवण्यासाठी इरेटाची सोय आहे, पण ती प्रसिद्धीच्या वेळीच जे चुकलेले होते त्यासाठी आहे. प्रसिद्धीच्या दिवशी तुमचा पत्ता बरोबर होता आणि नंतर तुम्ही नोकरी बदलली, तर तो इरेटाचा विषय होत नाही. त्यामुळे काम दोन ठिकाणी करावे लागते. छापला जाणारा पत्ता शक्य तितका टिकाऊ निवडायचा, आणि जिथे बदल करता येतो अशा ठिकाणी, म्हणजे डेटाट्रॅकर या आयईटीएफच्या नोंदसंस्थळावर, आपली नोंद ताजी ठेवायची. पहिले काम एकदाच करायचे असते आणि दुसरे आयुष्यभर.

लेखकांच्या पत्त्याबद्दलचा नियम काळानुसार बदलत आला आहे. ऑक्टोबर १९९७ च्या आरएफसी २२२३ मध्ये टपालाचा पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल मागितलेले होते, आणि फॅक्स ऐच्छिक होता. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या आरएफसी ७३२२ या शैलीपुस्तिकेने भर दिला आहे तो दीर्घकाळ टिकणाऱ्या ईमेलवर. पत्त्यांच्या विभागाचे दोन हेतूही तिने सांगितले आहेत. एक, त्याच नावाच्या अनेक माणसांतून हा लेखक नेमका कोणता हे निःसंदिग्धपणे कळावे, आणि दोन, पुढे कोणाला प्रश्न पडला तर त्याला लेखकापर्यंत पोचता यावे. हे दोन हेतू वेगवेगळ्या रकान्यांनी साधता येतात, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. संस्थेच्या रकान्यात त्या वेळची कंपनी लिहावी, कारण त्या दिवशी तुम्ही कोण होतात हे ते सांगते आणि ते खरे राहते. ईमेलच्या रकान्यात मात्र त्याच कंपनीचा पत्ता असला पाहिजे असे कुठेही म्हटलेले नाही. कंपनीचे नाव संस्थेत आणि स्वतःचा ईमेल पत्त्यात, ही जोडी पूर्णपणे ग्राह्य आहे. वरिष्ठ अधिकारी कंपनीच्याच ईमेलचा आग्रह धरत असतील तर त्यांना ही जोडी दाखवावी, कारण कंपनीचे नाव पहिल्या पानावर येणारच असते आणि त्यांना बहुधा तेवढेच हवे असते.

आता टिकाऊ ईमेल म्हणजे कोणता, यावर थोडे थांबणे भाग आहे.

आयईईई आणि एसीएम या व्यावसायिक संघटना सदस्यांना आपल्या नावाचा असा पत्ता देतात की त्यावर आलेले पत्र तुम्ही सांगाल त्या पेटीकडे पुढे पाठवले जाते. नोकरी बदलली तर फक्त पुढचे टोक बदलायचे, छापलेला पत्ता तोच राहतो. मात्र तो सदस्यत्वाशी बांधलेला असतो, हे लक्षात ठेवून वर्गणी भरत राहावी लागते. फुकट मिळणाऱ्या सार्वजनिक सेवेतला पत्ताही चांगला चालतो, पण फक्त आरएफसीसाठी वेगळे खाते उघडून ते विसरून जाणे धोक्याचे आहे. गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकले जाऊ शकते. रोज ज्या पेटीत पाहतो तिथेच हा पत्ता यावा, हे उत्तम.

माझा स्वतःचा कल स्वतःच्या डोमेनकडे आहे. डोमेन तुमचे, ईमेल कोणत्याही सेवेकडे ठेवा, सेवा बदलली तरी पत्ता बदलत नाही. पण त्याच्याबरोबर एक जबाबदारी येते आणि ती हलकी नाही. डोमेनची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची होते. मुदत संपली आणि तुम्ही नूतनीकरण केले नाही, तर डॉटकॉम किंवा डॉटऑर्गसारख्या डोमेनला आधी काही सवलतीचे दिवस मिळतात, नंतर नाव परत सोडवून घेण्यासाठी ३० दिवसांचा काळ मिळतो, आणि त्यानंतर ते नाव कोणालाही विकत घेता येते. मग छापलेल्या पत्त्यावर येणारे पत्र एका परक्या माणसाच्या हाती जाते. त्या पत्रात एखाद्या प्रोटोकॉलमधील सुरक्षेची त्रुटी गोपनीयपणे कळवलेली असू शकते. शिवाय त्या पत्त्यावर ज्या ज्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे येतात ती खातीही त्याच्या हाती जाऊ शकतात, आणि त्यांत तुमचे डेटाट्रॅकरचे खातेही असेल. म्हणून ज्या डोमेनचा पत्ता आरएफसीत छापला ते पुढच्या सगळ्या वर्षांसाठी आपल्या गळ्यात पडले असे समजावे, नूतनीकरण आपोआप होईल असे लावावे, डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडचा आपला संपर्क त्याच डोमेनवरचा ठेवू नये, आणि घरातल्या एखाद्या व्यक्तीला ते कुठे नोंदवले आहे हे सांगून ठेवावे.

पत्र पुढे पाठवण्याची व्यवस्था असेल तर ती वर्षातून एकदा तपासावी, कारण ती मुकाट्याने मोडते. पाठवणाऱ्याच्या डोमेनने कोणत्या सर्व्हरला आपल्या वतीने पत्रे पाठवण्याची परवानगी दिली आहे हे तपासणारी एसपीएफ ही पद्धत एप्रिल २०१४ च्या आरएफसी ७२०८ मध्ये लिहिलेली आहे. मधला सर्व्हर पत्र जसेच्या तसे पुढे पाठवतो तेव्हा शेवटच्या सर्व्हरला ते परवानगी नसलेल्या ठिकाणाहून आलेले दिसते आणि ते स्पॅममध्ये जाते किंवा नाकारले जाते. तपासणी अगदी सोपी आहे. आपल्या नेहमीच्या पेटीतून स्वतःलाच पत्र पाठवून भागत नाही. एखाद्या मित्राला त्याच्या कंपनीच्या पेटीतून छापलेल्या पत्त्यावर पत्र पाठवायला सांगावे आणि ते नेमके कुठे पडते हे पाहावे.

एरव्ही ईमेलच्या प्रोटोकॉलमध्ये या दुखण्यावरचा उपाय पूर्वीपासून आहे. ऑगस्ट १९८२ च्या आरएफसी ८२१ मध्येच ५५१ हे उत्तर ठरवलेले आहे: वापरकर्ता येथे नाही, अमुक पत्त्यावर पाठवून पाहा. ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही ते कायम आहे. पण सोडून गेलेल्या माणसाचा नवा पत्ता आपल्या सर्व्हरने जगाला सांगावा, ही गोष्ट कोणतीही कंपनी सहसा मान्य करणार नाही, आणि गोपनीयतेच्या दृष्टीने ते योग्यही आहे. म्हणून त्या उपायावर विसंबून राहू नये.

लेखकाच्या रकान्यांपैकी नावाच्या रकान्याकडेही मराठी माणसाने विशेष लक्ष द्यावे. आरएफसी लिहिण्याच्या एक्सएमएल साच्यात आद्याक्षरे, आडनाव आणि पूर्ण नाव असे तीन वेगळे गुणधर्म भरावे लागतात आणि पहिल्या पानावर येते ते आद्याक्षर आणि आडनाव. एस. पाटील किंवा ए. कुलकर्णी एवढ्यावरून माणूस ओळखू येत नाही, म्हणून पूर्ण नाव संपूर्ण लिहावे आणि प्रत्येक दस्तऐवजात तेच रूप वापरावे. एकदा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर घातले आणि दुसऱ्यांदा गाळले, तर शोधणाऱ्याला तुम्ही दोन माणसे वाटता. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या लेखिकेच्या बाबतीत हे अधिकच जाणवते. जुने दस्तऐवज जुन्या नावावर राहणारच, पण डेटाट्रॅकरवर दोन वेगळ्या व्यक्ती तयार झाल्या असतील तर त्या नोंदी एकत्र करून देण्याची विनंती तिथल्या मदत विभागाला करता येते, आणि ती अवश्य करावी. डिसेंबर २०१६ च्या आरएफसी ७९९७ पासून लेखकाचे नाव त्याच्या स्वतःच्या लिपीतही छापता येते. देवनागरीत आपले नाव शेवटच्या पानावर यावे असे मला मनापासून वाटते, पण सोबत रोमन लिपीतले रूप लागतेच आणि शोधताना ते रूपच कामी येते, तेव्हा तेही दरवेळी एकाच स्पेलिंगने लिहावे.

साच्यात यूआरआय नावाचा, म्हणजे वेबवरील दुव्याचा, आणखी एक रकाना आहे आणि बरेच जण तो रिकामा सोडतात. तिथे ओआरसीआयडी या संशोधक-ओळख व्यवस्थेतील आपल्या पानाचा दुवा देता येतो. ओआरसीआयडी २०१२ मध्ये सुरू झाली, तिच्यातील १६ अंकी ओळख नोकरी, नाव किंवा देश बदलला तरी बदलत नाही, आणि त्या पानावरचा मजकूर तुम्हाला केव्हाही बदलता येतो. छापलेला ईमेल उद्या बंद पडला तरी वाचकाच्या हाती दुसरे टोक राहते.

टपालाचा पत्ता आणि दूरध्वनी यांबद्दल माझा सल्ला स्पष्ट आहे: घरचा पत्ता आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक देऊ नये. आरएफसी असंख्य ठिकाणी उतरवून ठेवली जाते आणि एकदा गेलेली माहिती परत घेता येत नाही. शहर आणि देश एवढे लिहिले तरी ओळख पटायला पुरते.

डेटाट्रॅकरवरची नोंद हे तुमच्या पत्त्याचे चालू दप्तर आहे. मसुदा सादर केला की त्यातल्या ईमेलवरून तिथे व्यक्तीची नोंद जोडली किंवा तयार केली जाते, त्यामुळे तुम्ही कधी खाते उघडले नसले तरी तुमची नोंद असू शकते. खाते उघडून ती नोंद आपल्या ताब्यात घ्यावी. तिथे एकाहून अधिक ईमेल ठेवता येतात, नवा ईमेल जोडला की त्यावर खातरजमेचे पत्र येते, आणि त्यांतील एक प्रमुख म्हणून निवडायचा असतो. आता इथे एक बारकावा आहे. पुष्कळ लेखक नोकरी बदलल्यावर नवा ईमेल जोडतात आणि तिथेच थांबतात. जुन्या दस्तऐवजाशी जोडलेला ईमेल जुनाच असतो आणि तो सक्रिय म्हणूनच खुणावलेला राहतो, त्यामुळे पत्रे त्या बंद पेटीकडेच जात राहतात. जुन्या ईमेलवरची सक्रियतेची खूण काढली की त्या नोंदीसाठी तुमचा प्रमुख ईमेल वापरला जातो. हे काम दोन मिनिटांचे आहे, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त राहून जाणारे कामही हेच आहे. जुना ईमेल पुसून टाकण्याचा विचार मात्र करू नये, कारण तुमचे जुने दस्तऐवज तुमच्याशी त्याच धाग्याने जोडलेले असतात. तो निष्क्रिय करणे एवढेच पुरेसे आहे.

मसुदा चालू असताना या नोंदीचा आणखी एक उपयोग होतो. प्रत्येक मसुद्याच्या नावाने आयईटीएफच्या डोमेनवर एक सामाईक पत्ता आपोआप तयार होतो आणि त्यावर पाठवलेले पत्र सर्व लेखकांना जाते. त्याच नावापुढे ऑल जोडले की कार्यगटाचे अध्यक्ष, मसुदा पुढे नेण्याची देखरेख करणारा शेफर्ड आणि त्या विषयक्षेत्राची जबाबदारी असलेला एरिया डायरेक्टरही त्यात येतात. पत्र लिहिणाऱ्याने शक्यतो हाच पत्ता वापरावा, मसुद्यातले वेगवेगळे ईमेल हाताने उतरवून घेऊ नयेत. पण हा पत्ता शेवटी तुमच्या डेटाट्रॅकरच्या नोंदीवरच चालतो. ती नोंद शिळी असेल तर तोही शिळाच.

दस्तऐवज प्रसिद्ध होण्याआधीचा शेवटचा टप्पा ऑथ-४८ म्हणून ओळखला जातो. मूळ कल्पनेत लेखकांनी ४८ तासांत अंतिम प्रत वाचून मान्यता द्यावी असे होते, प्रत्यक्षात बहुधा जास्त वेळ लागतो. पहिल्या पानावर ज्यांची नावे आहेत त्या प्रत्येकाची मान्यता इथे लागते. आरएफसींचे संपादन आणि प्रकाशन करणाऱ्या आरएफसी एडिटरचे पत्र एका लेखकाच्या बंद पेटीवर गेले की सगळा दस्तऐवज अडकतो. तो लेखक मिळालाच नाही, तर एरिया डायरेक्टर त्याच्या वतीने निर्णय घेतो, किंवा त्याचे नाव पहिल्या पानावरून काढून योगदानकर्त्यांच्या विभागात हलवले जाते. तीन-चार वर्षे राबलेल्या माणसाचे नाव केवळ ईमेल पोचला नाही म्हणून मागे सरकणे ही वाईट गोष्ट आहे, आणि ती टाळण्याची जबाबदारी सहलेखकांचीही आहे. पहिल्या पानावरची नावे साधारणपणे पाचपर्यंत मर्यादित असतात. पाच माणसांना आपापला दुसरा ईमेल आणि फोन क्रमांक एकमेकांना देऊन ठेवणे अवघड नाही. मसुदा कार्यगटाकडून पुढे सरकला की संपादक असलेल्या लेखकाने सर्वांना एक साधे पत्र पाठवून उत्तर मागावे, आणि ज्याचे उत्तर आठवडाभरात येणार नाही त्याला फोन करावा.

ऑथ-४८ हीच तुमचा पत्ता बदलण्याची शेवटची संधी असते. अंतिम प्रत हाती आली की आपण लगेच तांत्रिक भागाकडे धावतो. त्याआधी शेवटचे पान उघडून आपला ईमेल अक्षर न् अक्षर वाचावा. मसुदा सुरू केला तेव्हाची नोकरी आता राहिली नसेल तर संस्था आणि ईमेल दोन्ही इथेच बदलून घ्यावेत.

दस्तऐवजाबाहेरही तुमचा पत्ता नोंदला जातो आणि तो विसरला जातो. अनेक आरएफसी आयानाकडे, म्हणजे इंटरनेटवरचे क्रमांक आणि नावे नोंदवणाऱ्या संस्थेकडे, पोर्ट क्रमांक, मीडिया टाइप (फाइलच्या प्रकाराचे नाव) किंवा अन्य नोंदी करवून घेतात. ऑगस्ट २०११ च्या आरएफसी ६३३५ ने पोर्ट क्रमांकांबाबत चांगली पद्धत घालून दिली आहे: आयईटीएफमधून निघालेल्या दस्तऐवजातून नोंद होत असेल तर धारक म्हणून आयईएसजी (एरिया डायरेक्टरांचे मंडळ) आणि संपर्क म्हणून आयईटीएफचे अध्यक्ष यांचे पदाचे पत्ते लिहायचे. अध्यक्ष बदलतात, पदाचा पत्ता बदलत नाही. जानेवारी २०१३ च्या आरएफसी ६८३८ मधील मीडिया टाइपच्या अर्जात संपर्काची व्यक्ती, लेखक आणि बदलाचा अधिकार असलेला असे तीन रकाने वेगळे आहेत. तिन्हींत सवयीने स्वतःचे नाव टाकू नये. विशेषतः बदलाचा अधिकार एका माणसाच्या नावावर असेल आणि तो माणूस सापडेनासा झाला, तर नोंदीतला दोष दुरुस्त करायला परवानगी कोणाची घ्यायची हा प्रश्न उभा राहतो. कंपन्यांनी स्वतः केलेल्या नोंदींतही पदाचा किंवा गटाचा पत्ता द्यावा. पोस्टमास्टर, अब्यूज अशा पदनामांच्या पत्त्यांची रीत मे १९९७ च्या आरएफसी २१४२ ने लिहून ठेवली आहे आणि तिचे तत्त्व इथेही लागू पडते. अट एवढीच की त्या गटाची पत्रे कोण वाचतो हे एका माणसाच्या नावावर लिहिलेले असावे. नाही तर तीही निमूटपणे पत्रे गिळणारी पेटी होते.

लेखक न सापडण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे नोव्हेंबर २००८ मध्ये सर्वांना दिसले. आरएफसी ५३७८ ने योगदान देणाऱ्याने आयईटीएफ ट्रस्टला, म्हणजे दस्तऐवजांचे हक्क सांभाळणाऱ्या न्यासाला, मजकुराचे द्यायचे हक्क वाढवले. जुन्या दस्तऐवजांचे लेखक त्याआधीच्या, कमी हक्कांच्या नियमांखाली लिहून गेले होते. आता जुन्या आरएफसीतले परिच्छेद घेऊन नवी आवृत्ती करायची, तर नव्या लेखकाला मूळ लेखकांची संमती हवी, आणि वीस वर्षांपूर्वीचे ते लेखक शोधायचे कुठे? अखेर फेब्रुवारी २००९ मध्ये अशा दस्तऐवजांसाठी वेगळे सूचनावाक्य मान्य करावे लागले, ज्याचा आशय असा की यात नोव्हेंबर २००८ पूर्वीचा मजकूर असू शकतो आणि त्याचे सर्व हक्क मिळालेले नसू शकतात. आजही जुना मजकूर घेणाऱ्या दस्तऐवजांत ते वाक्य दिसते. प्रत्येक लेखकाचा ठावठिकाणा लागत असता तर संमती मागणे हे एका पत्राचे काम होते.

अन्य संस्थांनी याच प्रश्नावर वेगळे मार्ग काढले आहेत आणि त्यांतून थोडे घेण्यासारखे आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या मानकांत चालू संपादकांबरोबर पूर्वीच्या संपादकांची नावे वेगळी दिलेली असतात, त्यामुळे प्रश्न आज कोणाला विचारायचा हे लगेच कळते. आपल्याकडील भारतीय मानक ब्यूरो व्यक्तीचा ईमेल छापतच नाही. मानकाच्या परिशिष्टात समितीची रचना असते आणि ते मानक कोणत्या दस्तऐवज क्रमांकावरून तयार झाले हे लिहिलेले असते. म्हणजे तुम्ही माणूस न शोधता समिती आणि क्रमांक घेऊन ब्यूरोकडे जाता. कार्यालय टिकते म्हणून ही रीत टिकाऊ आहे, पण ज्याने ते वाक्य लिहिले त्याच्यापर्यंत वाचक थेट पोचत नाही. मला आयईटीएफची रीत अधिक पसंत आहे, आणि म्हणूनच ती नीट पाळली जावी असे वाटते.

नोकरी सोडण्याच्या काळात हे काम करण्याची वेळ ठरवून घ्यावी. राजीनामा दिल्यावर नोटिशीचा जो काळ मिळतो त्याच्या पहिल्याच आठवड्यात डेटाट्रॅकरवर नवा ईमेल जोडून त्याची खातरजमा करावी, कारण पासवर्ड विसरला असेल तर तो बदलण्याचे पत्र जुन्या पेटीवरच येणार असते आणि शेवटच्या दिवशी दुपारनंतर ती पेटी उघडत नाही. मग प्रमुख ईमेल बदलावा, जुना निष्क्रिय करावा, चालू मसुद्यांची नवी आवृत्ती नव्या पत्त्याने सादर करावी, आयानाच्या ज्या नोंदींत आपले नाव आहे त्यांची यादी करून बदल कळवावेत, आणि सहलेखकांना कळवावे. कंपनीत मागे राहणाऱ्या सहकाऱ्याला शक्य असेल तर विनंती करावी की माझी पेटी बंद करा, उघडी ठेवू नका. पत्र परत गेले तर पाठवणारा दुसरीकडे शोधेल. ज्या मसुद्याची जबाबदारी कंपनीकडेच राहणार आहे तिथे नव्या माणसाचे नाव लेखकांत घालण्याची गोष्ट कार्यगटाच्या अध्यक्षांशी बोलून घ्यावी.

नोकरी बदलली नाही तरी वर्षातून एक दिवस ठरवावा. सुरक्षेविषयीचा संपर्क प्रसिद्ध करण्याची पद्धत सांगणाऱ्या एप्रिल २०२२ च्या आरएफसी ९११६ मध्ये एक गोष्ट मला फार पटली: त्या पद्धतीनुसार संस्थळावर ठेवायच्या संपर्काच्या फाइलमध्ये मुदत संपण्याची तारीख देणे सक्तीचे आहे, आणि ती तारीख वर्षभराच्या आतली असावी अशी शिफारस आहे. पत्ता खरा आहे असे कोणीतरी वर्षातून एकदा तरी पाहिलेच पाहिजे, असा त्याचा अर्थ. आरएफसीच्या शेवटच्या पानावर तशी तारीख नसते, म्हणून ती आपल्या दिनदर्शिकेत असावी. मी त्या दिवशी माझी नोंद उघडतो, बाहेरच्या पेटीतून एक चाचणीचे पत्र मागवतो आणि डोमेनची मुदत पाहतो.

उलट बाजूने, तुम्ही वाचक असाल आणि छापलेल्या ईमेलवरून पत्र परत आले, तर आधी डेटाट्रॅकरवर त्या आरएफसीचे पान उघडून लेखकाच्या नावावरून त्याच्या नोंदीवर जावे. तिथे त्याचे अलीकडचे मसुदे दिसतात आणि सर्वांत नव्या मसुद्यातला ईमेल बहुधा चालू असतो. तो नसेल तर ही आरएफसी पुढच्या कोणत्या क्रमांकाने बदलली किंवा सुधारली आहे हे पाहून त्या नव्या दस्तऐवजाच्या लेखकांना लिहावे. कार्यगट बंद झाला तरी त्याची टपालयादी पुष्कळदा चालू ठेवलेली असते, आणि जुनी माणसे तिथे असतात. लेखक हयात नसेल तर प्रश्न थेट त्या क्षेत्राच्या एरिया डायरेक्टरकडे न्यावा. आरएफसी एडिटर म्हणून या मालिकेचे पालकत्व करणारे आणि आरएफसी ७९१ चे संपादक असलेले जॉन पोस्टेल ऑक्टोबर १९९८ मध्ये गेले, तरी त्या आरएफसीबद्दलचे इरेटा आजही नोंदवता येतात आणि तपासले जातात.

पत्र लिहिताना विषयाच्या ओळीत आरएफसीचा क्रमांक आणि विभागाचा क्रमांक द्यावा, मजकुरात ते वाक्य जसेच्या तसे उतरवावे आणि तुम्हाला दिसलेले दोन्ही अर्थ लिहावेत. पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेले लेखकाला पाठ नसते. एवढे समोर ठेवले तर तो प्रवासात फोनवरूनही दोन ओळींत उत्तर देऊ शकतो, आणि ते उत्तर आले की ते स्वतःपाशी न ठेवता, त्याला विचारून, इरेटा म्हणून नोंदवावे, म्हणजे त्याच वाक्यापाशी अडणाऱ्या पुढच्या माणसाला पत्र लिहावे लागणार नाही.